मेलेलं पाणी

शेजारच्या शलाकाने योगकेंद्राच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत थर्मामीटर सोडला. "चाळीस. तळाला गाळ, क्लोरीनचा पत्ता नाही. त्याला याहून चांगलं घर मिळणार नाही."

तो म्हणजे नाकावाटे मेंदूत शिरणारा अमीबा. ती एम.एस्सी.साठी त्याचाच अभ्यास करत होती. माझे बाबा त्यानेच गेले, इथे जलनेतीत नाकातून पाणी घेतल्यानंतर. त्यांनी घरून उकळून गार केलेलं पाणी आणलं होतं. योगगुरुजींनी ते सर्वांदेखत ओतायला लावलं. "गॅसवर पाणी मरतं, काका. सूर्याने तापवलेलं घ्या."

आम्ही खाली आलो. शलाकाने गुरुजींना विनवलं, "उद्याच्या शिबिरात नेतीसाठी हे पाणी देऊ नका."

"बाळ, तुझं शास्त्र कालचं," ते हसले. मग माझ्याकडे वळून हळहळले. "बाबांची श्रद्धा कमी पडली, ताई."

मी टाकीच्या नळाखाली लोटा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही करून दाखवा. मी पुन्हा तक्रार घेऊन येणार नाही."

"आज जरा सर्दी आहे."

"सर्दीवरच करतात ना नेती?"

शिबिरासाठी नाव नोंदवायला आलेल्या बायका आता आमच्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी आतून मदतीला धावल्या. "अहो, ते कशाला? तुमचं उकळून गार केलेलं ठेवलंय की, रोजच्यासारखं. आणू?"



"नको, वहिनी," मी म्हणाले. "गुरुजींना मेलेलं पाणी चालत नाही."