दारातली मिठी

माझ्या लहानपणी हॉलिसकाका दर रविवारी चर्चच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला कडकडून मिठी मारायचे. त्यांच्या कोटाला पेपरमिंटचा वास यायचा. मग आमच्या टेनेसी राज्यात परवान्याशिवाय बंदूक लपवून बाळगायची मुभा मिळाली आणि काका नुसताच हात मिळवू लागले.

"हल्ली कुणालाही मिठी मारली की हाताला पिस्तूल लागतं. नको रे बाबा!" ते म्हणायचे. आमच्या गावात त्या कायद्याला उघड विरोध करणारे ते एकटेच.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. "माझ्याकडे काही नाहीये, काका," म्हणत मी त्यांच्या गळ्यातच पडले. तोच पेपरमिंटचा वास आला. आणि त्यांच्या कोटाखाली काहीतरी टणक लागलं.

काका ओशाळले.

"कुणी गोळ्या झाडत आलाच, तर दारात पहिला मीच उभा असतो ना, पोरी."