धुक्यावरचं वलय

पाण्याची बाटली मागे राहिली म्हणून धीरज शिखराच्या धारेवरून खाली उतरला आणि पाच मिनिटांत परत आला. शहरात, तोयोसू भागातल्या त्याच्या ऑफिसात जिना चढतानाही धापा टाकणारा माझा नवरा तीन हजार मीटरवर जराही दमला नव्हता. अस्वलं दूर राहावीत म्हणून सॅकला बांधलेली त्याची घंटीही वाजली नव्हती.

“बाटली?”

“नव्हती तिथे.”

सकाळचं ऊन पाठीवर होतं. समोर दरीतल्या धुक्यावर आमच्या दोन सावल्या पडल्या होत्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलय होतं. मी इथल्या विद्यापीठात धुक्यावरच संशोधन करते. असं वलय ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, शेजारच्याच्या कधीच नाही.

“तुला वलय कुणाभोवती दिसतंय रे?” मी सहजच विचारल्यासारखं केलं.

“तुझ्याभोवती.”

मी चार पावलं बाजूला सरकले. “आणि आता?”

“अजूनही तुझ्याचभोवती.”

खुरट्या पाइनच्या फांदीत माझा बूट अडकला, म्हणून मी खाली पाहिलं.

“खाली नको बघूस, कश्मिरा,” समोर तोंड करूनच तो म्हणाला. “मग मला धुकं दिसत नाही.”