अंगठ्याची खळी

दादाच्या पत्राला त्याच्या धाकट्या भावाने, वस्तऱ्यांच्या मुठी बसवणाऱ्या मूठवाल्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. ‘वडिलांच्या वस्तऱ्याची मूठ चिरली आहे, वस्तरा सोबत पाठवतो. जमेल तशी जोड. आणि जमलं तर तूच घेऊन ये. माझा हात हल्ली थरथरतो. गिऱ्हाइकं कधीच तुटली, आता स्वतःचीही दाढी होत नाही. एकदा तुझ्या हातून करून घेईन.’ वाचून झाल्यावर त्याने ठरवलं, आधी मूठ जोडून होऊ दे. मग सांगण्यासारखं काहीतरी असेल, तेव्हा लिहू.

मूठ म्हणजे म्हशीच्या शिंगाच्या दोन पट्ट्या, मधे पातं मिटायला फट, दोन्ही टोकांना एकेक पितळी खिळा. एका पट्टीवर अंगठ्याएवढी खळी पडली होती. आधी वडिलांच्या अंगठ्याने, मग दादाच्या. नवीन पट्टी कापून बसवणं हे तर त्याचं रोजचंच काम. पण खळी कुठून कापून आणणार? म्हणून त्याने चिरेतलं जुनं तेल धुतलं, ती सुकू दिली, गोंद भरून वर दोरा आवळला. जोड सुरेख बसला. मग प्रवासात पातं खिळखिळं व्हायला नको म्हणून त्याने खिळा गच्च ठोकला.

वडील खिळ्याशी केसभर जागा सैल ठेवायचे. शिंग मेलं तरी पाणी पितं, त्याला फुगायला जागा ठेवावी, असं म्हणायचे. दुनियेच्या वस्तऱ्यांना त्याने ती ठेवली होती. दादाच्या वस्तऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला भरवसा हवा होता. हवा दमट झाली आणि मूठ खिळ्यापासून उकलली. ती चीर बुजवली की शेजारून दुसरी निघायची. पावसाळ्यामागून पावसाळे गेले; दर वेळी तो कागद पुढे ओढायचा आणि आजचा जोड टिकतो का बघू म्हणून पेन मिटायचा.

“ती म्हैस कधीच सुटली,” बायको म्हणायची. “तुम्ही तरी सुटा.”

एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादा कोणाला ओळखत नाही, भरवलं तर खातो, मुलगा मशीन फिरवून दाढी उतरवतो, असं तिने एका दमात सांगितलं. मुठीचं तिने विचारलंही नाही. त्यानेच घाईघाईने सांगून टाकलं की होतच आली आहे, आठवड्याभरात पाठवतो.

वहिनीने त्याला मधेच थांबवलं.

“पातं नका पाठवू, भावजी. घरात ठेवायची सोय राहिली नाही. मागे एकदा त्यांनी हाती लागलेलं पातं गालाला लावलं, तर...” ते तिने तिथेच सोडलं. “तुमच्या उत्तराची वाट बघता बघता ते प्रश्नच विसरले.”

आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग बोलायचं म्हणून तिने सांगितलं, दिवसभर खाटेच्या लोखंडी कडेवर अंगठा घासत बसतात. कातडं सोलवटलंय. फडकं बांधलं तर सोडून टाकतात.

फोन ठेवून तो कामाला बसला. कानशीने खिळ्यांची डोकी घासली, खिळे ठोकून बाहेर काढले. पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात टाकलं. फट उघडी राहिली तर बोट चिमटेल, म्हणून तिच्यात शिंगाची एक चीप बसवली आणि सगळं गोंद लावून, वर दोरा आवळून एकजीव केलं. खिळा मारलाच नाही. आता काही उघडायचं नव्हतं की मिटायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोरा सोडला, तर चीर नखाला लागेना. असा जोड त्याच्या हातून कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बायकोने मूठ उलटीपालटी करून पाहिली. “पात्याशिवाय याचं करायचं काय?”

“काही नाही. धरायचं.”

तिने कपाटातून मऊ कापड शोधून आणलं.

पत्रात त्याने लिहिलं, ‘दादा, मूठ जोडली.’ पुढे येण्याबद्दल लिहायला घेतलं. ‘मी’ एवढं लिहून झालं आणि हे वाचणार कोण ते आठवलं. तो शब्द खोडून त्याने कागद मुठीभोवती गुंडाळला.

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट तोललं, कानाशी नेऊन हलवलं. आत काही वाजलं नाही.

“धारदार काही नाही ना आत?”

“नाही.”

शिक्का बसला. पाकीट मागच्या पोत्यात जाऊन पडलं. तो पावती घेऊन तिथेच उभा राहिला.

“झालं ना आजोबा तुमचं?” रांगेतल्या मागच्याने विचारलं.

“झालं,” तो म्हणाला, आणि काउंटरच्या कडेवर घासत असलेला अंगठा त्याने उचलून घेतला.