चाळीस अक्षरं
सभागृह गुणगुणत होतं. ओळखपत्रं तपासून एकमेकांच्या डिजिटल सहीची खातरजमा करायला जमलेले प्रोग्रामर आपापल्या सहीची चाळीस अक्षरं वाचत होते. तिच्या समोरच्यानं वाचायला घेतलं आणि तिचे ओठ आपोआप हलू लागले. नऊ वर्षं त्याचं प्रत्येक काम याच अक्षरांखाली तिच्याकडे आलेलं. आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकत होती, झोपेत कुणी हाक मारावी तसा. एकूण एक अक्षर जुळलं. “ओळखपत्र?” तिनं विचारलं. त्यानं खिसे चाचपले. “घरी राहिलं. बाकीच्यांनी चालवून घेतलं की.” “मला नाही चालणार. तुमच्या अक्षरांखाली माझी सही बघून हजारो अनोळखी माणसं डोळे झाकून तुमचा कोड घेतील.” “नऊ वर्षं ओळखता मला.” “तुमचं काम ओळखते. चेहरा आजच पाहिला.” बोलताना तिचाच जीव तुटत होता. तो हसला. “घर तीन तासांवर आहे. परत येईपर्यंत थांबाल?” “थांबेन.” याचा पुरावा त्यानं मागितला नाही.