रेंज असेपर्यंत

कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज गावच्या लॉन्ड्रीत कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती. जंगलात रोपं लावून चिखलानं माखलेली टोळी सुट्टीसाठी गावात आली होती. रेंज मिळाल्याबरोबर सगळ्यांना सगे-सोयरे आठवले होते. जो तो फोनला चिकटला होता.

कॉराही. मागच्या सुट्टीत अंगठा पिकला म्हणून ती दवाखान्यात गेली होती. नर्सनं अंगठा बांधला आणि वर लघवी तपासायला बाटलीही हातात ठेवली. "पंचविशीच्या आतल्या सगळ्यांचीच करतो गं, घाबरू नकोस."

आज निकालाचा मेसेज आला होता. क्लॅमिडिया, शरीरसंबंधातून लागणारा आजार. गोळ्यांनी जातो, पण त्रास न देता आतल्या आत पसरतो. पुढे मूल होणं अवघड करतो. जोडीदाराला जरूर कळवा. खाली कळवायची सोयही होती, स्वतःचं नाव न सांगता.

कॉराचा जोडीदार एकच, डेक्लन. आजवरचाही तोच एक. आजार आला कुठून, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी तिनं नाव न घालता त्याला निरोप धाडला. त्यानं आपण होऊन आपल्याला सांगावं, एवढी वेडी आशा तिला होती.

शेजारी बसलेल्या डेक्लनचा फोन वाजला. त्यानं वाचलं. मान वर केली नाही. मग त्याचे अंगठे भराभर चालू लागले.

ड्रायरमधून मोजे काढणाऱ्या ऑड्रीचा फोन वाजला. ऑड्री म्हणजे कॉराची जिवाभावाची मैत्रीण. तिनं वाचलं, कॉराकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली.

दारात सिगरेट ओढणाऱ्या शॉनाचा फोन वाजला. ही टोळीची स्वयंपाकीण. "च्यायला, हे काय आता नवीन!"

मग कोपऱ्यात आणखी एक वाजला.

कॉरानं आपला फोन तळहातावर धरला. आता वाजेल. आता.

डेक्लनचा फोन खिशात गेला.

"काय गं, चेहरा का पडलाय?" त्यानं तिच्या गळ्यात हात टाकला.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. परत निघायची वेळ झाली.

"पुढच्या सुट्टीपर्यंत रेंज नसणार, डेक्लन," ती म्हणाली. "कुणाला काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

त्यानं क्षणभर विचार केला. अगदी मनापासून केला.

"छे गं. कुणी राहिलं नाही."