यीस्टचा पाहुणचार

निशिगंधाने जांभळाच्या रसात साखर नि यीस्ट घालून बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. सासूला बजावलं, "आई, यीस्ट साखर खातंय. महिनाभर हात लावू नका."

पण ठमाबाईंचा हात ऐकतोय होय! सरबत समजून रोज वाटीभर चाखायच्या, तर रोज गोडी कालच्यापेक्षा कमीच. "खा रं बाबा, पोटभर खा," म्हणत त्या मूठभर साखर आणखी टाकायच्या आणि बरणी खुशीत बुडबुडायची. आत वाईन होतेय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ठमाबाई कोपर गावची धवलारीण. लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, गावेत त्यांनीच. शेजारच्या दिपेशच्या हळदीला त्या दोन वाट्यांनी गळा ओला करून गेल्या. आवाज असा लागला की मांडव डोलायला लागला. मग नवरदेवाला नाव घेऊन पाटावर बोलवायची वेळ आली.

"ये रं गोपीनाथ बाला, बस पाटाला!"

बाया खिदळल्या. गोपीनाथ म्हणजे ठमाबाईंचा म्हातारा. बायकोच्या शपथेवर बारा वर्षांपूर्वी दारू सोडलेला. तो जवळ आला, तिच्या तोंडाचा एकदाच वास घेतला, गालात हसला आणि टोपी सरळ करत दिपेशला म्हणाला, "सरक रं पोरा, आज माजी बी हलद हाय!"