मऊ भुसा

कचरूने ओला फडका पोटावरून फिरवला तशी पाखरीची कातडी थरथरली. कुशीला, मांडीला, बसल्यावर घोडीचं अंग जिथे जिथे भुईला टेकतं तिथे तिथे लालभडक फोड उठले होते. परवा मांजरसुंब्याची वरात होती. नवरदेवाला या घोडीवर बसवायचं होतं.

"साबणानंच केलं बघ हे," कचरू म्हणाला. "चमकावी म्हणून कपड्याचा साबण घासला, आन् धुताना पाण्याची कंजुषी केली. अंगावरच सुकला. माज्या हातानं पोळली गं ही."

"हं," सिंधुबाई म्हणाली.

नवऱ्याला तिने उत्तर दिलं ते एवढंच, आणि हात पदराखाली घेतले.

त्या साली पाऊस नव्हता, म्हणून ऊस नव्हता, म्हणून कारखान्याचा भोंगाही वाजला नव्हता. घोडीखाली पसरायला पाचट आणायचं कुठून? कडबा पसरावा तर मग घोडीने खावं काय? म्हणून सिंधुबाई तेलगावला जालिंदर सुताराकडे भुसा आणायला गेली होती. त्याच्याकडे दोन ढीग होते. एक ताज्या कडुनिंबाचा, जाडाभरडा. दुसरा पिठासारखा मऊ.

"त्यो मऊ नका नेऊ, वहिनी," जालिंदर म्हणाला होता. "सोसायटीच्या गोदामातल्या जुन्या फळ्या हायत त्या. फवारणीचं औषध लई सांडलंय त्यांच्यावर."

सिंधुबाईने मूठभर भुसा हुंगला. वास होता खरा. पण औषधच ना, मग गोचिडं तरी मरतील; घोडीला गादी आणि गोचिडाला विष, एकाच पोत्यात दोन कामं. जालिंदर चहाला गेला तशी तिने मऊ ढिगातूनच पोती भरली.

पाखरी त्या भुशावर बसेना. उभ्या उभ्या पेंगायची. "गादी हातरली तरी महाराणीला झोप न्हाई," असं सिंधुबाईच तिला टोचून बोलली होती. शेवटी पाय थकले तेव्हा घोडी बसली.

"अवो, ते प्यायचं पाणी हाय," बादलीकडे बघत सिंधुबाई आता म्हणाली.

"आसू दे. मी आज कमी पितो." कचरूने घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं. "माफी कर गं माय. येड्याच्या घरी आलीस तू."

पाखरीने त्याच्या खांद्याला तोंड घासलं. सिंधुबाईने हात पदराखाली आणखी आत ओढून घेतले. सांगायचं तर आत्ताच, असं तिला वाटलं. तेवढ्यात कचरूने फडका पुढे केला.

"एवढा पिळून दे."

तिने सवयीने हात पुढे केले. पदर बाजूला झाला.

कचरूने तिचे हात बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत तसेच फोड. मग घोडीची कूस बघितली. मग परत हात.

"तुला तर मी साबण लावला न्हाई," तो हळू म्हणाला.

सिंधुबाईचे डोळे तेवढे पायाखालच्या भुशाकडे गेले. कचरूचेही गेले.

त्याने बादली उचलली आणि उरलेलं पाणी धारेने तिच्या हातांवर सोडलं. हातांवरून निथळलेलं पाणी भुशात मुरलं आणि औषधाचा उग्र वास गोठाभर उठला. पाखरी दावं ताणून मागे सरकली.

"नीट धू," कचरू म्हणाला. "माज्यासारखी कंजुषी करू नको."